बाथरूमच्या दाराबाहेरचे पाढे

मंडळी, मुलांना घेऊन एकटीनेच लांबच्या कॅम्पिंगला निघालेल्यांसाठी लिहितेय. तंबू, चूल, जळवा, सगळं निभतं. अडतं ते आंघोळीपाशी. आपण आत गेलो तर बाहेर मुलांकडे कोण बघणार?

मी तोडगा काढला. माझ्या दोन्ही मुलांनी दाराबाहेर उभं राहून मोठ्याने पाढे म्हणायचे, शाळेतल्यासारखे कन्नडमध्ये. आवाज थांबला की मी बाहेर. धाकटी रोज साताच्या पाढ्यात अडायची आणि मी आतून ओरडायचे, "पुढं म्हण की."

काल आम्ही हिनकलला घरी परतलो. आज सकाळी त्यांचे बाबा येऊन दोघांना हुणसूरला घेऊन गेले. आम्ही वेगळे राहतो, उरलेली सुट्टी मुलं त्यांच्याकडे.

मग मी निवांत आंघोळीला गेले. इतके दिवस हेच तर हवं होतं. तोंडाला साबण लावला आणि बाहेर काहीच ऐकू येईना.

"पुढं म्हण की," मी ओरडले.

तशीच टॉवेल गुंडाळून बाहेर धावले. हॉलमध्ये खुर्च्यांवर तंबू वाळत होता.

परत आत गेले. दार उघडंच ठेवलं आणि साताचा पाढा मीच शेवटपर्यंत म्हटला.

मुलं त्यांच्या बाबांकडे गेली की पहिला दिवस तुम्ही कसा काढता?