बाजूच्या काचेतलं भोक

कोर्टात साक्षीदार बोलतो, न्यायाधीश त्याचं उत्तर मला सांगतात आणि मी टाइप करतो. परवा पिंजऱ्यात एक फौजदार उभा होता. नाकाबंदीला न थांबलेल्या गाडीवर त्याने गोळी झाडली होती आणि चालवणारा तरुण जागीच गेला होता.

"गाडी अंगावर आली. जिवाची भीती वाटली," तो म्हणाला.

वकिलांनी गाडीचा फोटो पुढे केला. समोरची काच शाबूत होती, भोक बाजूच्या काचेला होतं. "म्हणजे गाडी तुम्हाला ओलांडून चालली होती. तेव्हा मनात काय होतं? भीती की राग?"

फौजदार कठड्यावरून अंगठा फिरवत राहिला. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "भीतीच." मी टाइप केलं.

मागे एकदा एक रिक्षा मला घासून गेली. मी दचकून मागे सरलो आणि पुढच्याच क्षणी तिच्या टपावर छत्री हाणली. भीती कुठे संपली आणि राग कुठे सुरू झाला, ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्या हातात छत्री होती, एवढंच.

जेवणाच्या सुट्टीत त्या तरुणाचे वडील माझ्या टेबलापाशी आले. "साहेब, तो किती वेळ गप्प होता, ते लिहिलंत ना?"

खोटं बोलवेना. "नाही हो," मी म्हणालो. "गप्प बसलेलं आम्ही लिहीत नाही."