देवाच्या वाट्याची घागर

त्या वर्षी माझा आणि महादेवाचा अबोला होता. चकलांब्याकडच्या आमच्या लहानशा वस्तीवर दोन पावसाळे कोरडे गेले होते. विहिरींचे तळ दिसत होते. टँकर आला की भांडी लावायची आणि नाही आला की आभाळाकडे बघायचं, असे दिवस चालले होते. त्यातच जाणत्या मंडळींनी ठरवलं, देव पाण्यात कोंडायचा. म्हणजे घरटी एक घागर गाभाऱ्यात ओतून पिंड बुडवायची. देव गुदमरला की पाऊस धाडतो, अशी आमच्याकडची जुनी रीत. मी घागर द्यायला साफ नकार दिला. "गुरं तडफडत्यात आन् दगडाला आंघोळ कावून?" असं भर पारावर बोलले. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. पिंड बुडाली, पाऊस काही आला नाही. माझं खरं ठरलं, पण त्यात सुख नव्हतं. ज्याच्यावर रागवायचं तोच नाही असं ठरलं, तर मग भांडायचं तरी कुणाशी? आतून मी अगदी एकटी पडले होते.

ऊसच नव्हता, म्हणून सहकारी कारखान्याचा बॉयलर त्या वर्षी पेटला नाही. ऊस वाहणारे ट्रक दारोदार धूळ खात उभे. तेव्हा तालुक्यातल्या वाहतूक संस्थेनं गेवराईजवळ नदीच्या कोरड्या पात्रात ट्रकची शर्यत ठेवली. रस्ता म्हणून नाहीच. नुसती वाळू, वाळूवाल्यांनी उकरलेले खड्डे, पलीकडे मुरमाची उभी दरड आणि तिथून वळसा घालून परत. ट्रॅक्टरनं ओढावं लागलं की बाद. पोटासाठी ट्रक चालवणाऱ्यांना मनाई होती, उतरायचं ते हौशींनीच. आणि बक्षीस काय, तर जिंकणाऱ्याच्या वस्तीवर संस्था बोअर घेऊन देणार! आमचे हे जन्माचे ट्रक ड्रायव्हर, त्यामुळे ते बाद. मी मात्र ऐकून ताठ बसले. अमावास्येनंतरच्या बाजारात वस्तीवरची सगळी गुरं विकायची ठरली होती. बोअरला पाणी लागलं तर गुरं राहणार होती, नाहीतर दावणी रिकाम्या.

आता मला ट्रक कसा येतो, ते सांगते. कारखान्याच्या यार्डात उसाची गाडी रिकामी होईपर्यंत रांगेत ताटकळावं लागतं. ड्रायव्हरचा डोळा लागला की नंबर जातो, म्हणून आम्ही बायका स्टिअरिंगवर बसतो. पुढची गाडी हलली की पहिला गिअर, अर्धा क्लच, चार हात पुढं आणि ब्रेक. असे माझे कितीतरी हंगाम गेले. पुढं हौसेनं लायसनही काढलं.

"तुला रांगेत चालवता येती, रानात न्हाई," हे म्हणाले. "आन् रिव्हर्सचं काय? कदी टाकलायस का?"

"मागं यायचंच न्हाई मला," मी म्हटलं. ते हसले, आणि दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं गाडीचे पाटे नि टायर बघायला बसले. आमच्या ह्यांचा होकार हा असा असतो.

शर्यतीला दोन्ही काठांवर जत्रा लोटली होती. बायांत मी एकटीच. "ए बे, ताईला पुडं जाऊ दे, धूळ तरी खाली बसंल," एक पोरगा ओरडला आणि सगळे खिदळले. निशाण पडलं तशी पोरांनी गाड्या सुसाट सोडल्या. पण वाळूत जितकी घाई, तितकं चाक खोल. एकेक गाडी फसत गेली. मी यार्डातल्यासारखीच निघाले, पहिल्या गिअरमध्ये, मुंगीच्या पायानं. खड्डे गेले, दरड चढले, उतरलेही. माझ्या मागं नेकनूरच्या एका पोराचा ट्रक तेवढा राहिला होता, तोही बराच लांब.

परतीच्या वळणावर, जिथून काठावरचं माणूस दिसत नाही तिथं, बॉनेटमधून वाफ निघाली. तापमानाचा काटा पार वर. गाडी थांबवली आणि चूक ध्यानात आली. त्या उन्हाळ्यात पाण्याला हात आखडायची इतकी सवय जडली होती, की सकाळी रेडिएटरमध्येसुद्धा मी दोनच तांबे ओतले होते, आणि जोडीचा कॅन सासूबाईंसाठी घरी ठेवून आले होते. पाणी वाचवण्याच्या नादात पाण्याची शर्यत घालवत होते. नेकनूरच्या ट्रकची घरघर जवळ येत होती. मला रडू फुटलं. कितीतरी महिन्यांनी तोंडातून त्याचं नाव निघालं. "महादेवा, माझ्या हातात होतं ते मी केलं. आता तुझं तू बघ." ती विनवणी नव्हती. मी थकले होते आणि ओझं खाली ठेवलं होतं, एवढंच.

डोळे पुसून बघते, तर पात्रातून एक म्हातारी येत होती. डोक्यावर घागर, नऊवारीचा काचा मारलेला, टाचांना भेगा.

"कावून थांबलीस, माय?"

"गाडी तापली, मावशी. पाणी न्हाई."

तिनं घागर उतरवली. वाळूत झिरा उकरून वाटी-वाटीनं भरलेली घागर होती ती, महादेवाला घालायला चालवलेली, असं तिनं सांगितलं. ते ऐकून माझा हात मागं आला. देवाचं पाणी मी कसं घेऊ, असं म्हटलं, तर ती हसली. "त्याला सांगंन मी. त्याला कुटं तान लागती? तुज्या गाडीला लागलीय. घे, वत."

पारावर मी जवळजवळ हेच बोलले होते. फरक एवढाच, की मी माझी घागर घरात ठेवून बोलले होते, आणि ती आपली ओतून देत होती. माझी मान खाली गेली. वाफ जरा बसू दिली, गोणपाटानं झाकण सोडलं, इंजिन चालू ठेवून धार धरली. तळाशी उरलेलं ओंजळभर पाणी तिनं मला पाजलं, म्हणाली, "जा आता."

मी गेले. दरडीवर खोळंबलेला नेकनूरचा पोरगा मला गाठायला म्हणून वेगात आला आणि शेवटच्या वाळूत रुतला. काठावर आल्यावर आमचे हे चारचौघांत रडले, हे त्यांना आवडणार नाही तरी लिहिते. त्या मावशीचा मी जवळच्या वस्त्यांवर पुष्कळ शोध घेतला. कुणालाच ती ठाऊक नव्हती. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही. तिच्या हातचं पाणी मी प्यायले आहे, मला तेवढं पुरे आहे.

संस्थेनं शब्द पाळला आणि बोअरची मशीन वस्तीवर आली. कितीतरी वेळ नुसता फुफाटा उडत होता. बाया नवस बोलत होत्या. मी हात जोडून उभी होते, पण काहीच मागितलं नाही. तू देशील ते घेईन, एवढंच मनात होतं. मग चिखल आला, आणि मागोमाग पाणी. चाखलं तर मचूळ! डाळ शिजेना, चहा फाटला, थोडी कुरकुरही झाली. प्यायला आम्ही पुढंही टँकरच्याच रांगेत उभे राहिलो. पण त्या संध्याकाळी गुरं सोडली, तर एकाही जनावरानं पोट भरेतो हौदातून तोंड वर काढलं नाही. अमावास्येनंतरचा बाजार भरला आणि उठला. आमच्या वस्तीवरचं एकही दावं सुटलं नाही.