तिसऱ्या पायाचे दगड

ती केस मी अजून विसरलेलो नाही. वडिलांच्या बदलीमुळे मी जयपूरला वाढलो आणि एकोणीसशे साठच्या सुमारास तिथेच रेल्वे पोलिसात फौजदार होतो.

सांगानेरच्या पुढे नदीवर संस्थानी काळातला दगडी पूल होता. रोज पायी लाइन तपासणारा चावीवाला एका सकाळी ठाण्यावर आला.

"साब, तीसरे पाये की जड़ से पत्थर जा रहे हैं. बरसात सिर पे है."

जाऊन पंचनामा केला. तिसऱ्या खांबाच्या बुडाशी, पाण्याने माती धुपू नये म्हणून रचलेले दहा-बारा घडीव दगड गायब होते. हा घातपात असेल आणि गाडी नदीत गेली, तर? खबर देणारा आधी तपासा, असं आम्हाला शिकवलेलं. त्यात त्याचं लाइनवरच्या मुकादमाशी नुकतंच भांडण झालेलं. मी त्यालाच कोठडीत टाकलं. दिवसभर उलटसुलट विचारलं. उत्तर एकच: "मैं क्यों निकालूँगा साब? रोज उसी पे चलता हूँ."

दुसऱ्या सकाळी पुन्हा नदीवर गेलो. काठावर छिपे, म्हणजे कापड छापणारे, दगडांवर कापड आपटत होते. काही दगडांवर पाथरवटाची खूण दिसली. पुलाच्या दगडांवरही तीच होती. विचारल्यावर एक म्हातारा छिपा जराही न घाबरता म्हणाला, "पुल बना तो हमारा घाट गया. ठेकेदार ने मेरे दादा से कहा, बचे पत्थर तुम्हारे. पहले वाले घिस गए, तो और ले आए."

आजोबांना मिळालेल्या त्या शब्दामुळे खांबाच्या बुडाशी रचलेले दगडही त्याच्या लेखी उरलेलेच होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती मी दिली होती.

ठाण्यावर येऊन कोठडी उघडली. चावीवाल्याने साफा नीट केला आणि विचारलं, "साब, कल से पुल किसने देखा?"

कुणीच पाहिला नव्हता. त्याचा जोडीदार रजेवर आहे, हे मी विचारलंही नव्हतं. गाडीची वेळ जवळ आलेली. स्टेशनमास्तरांकडे धावलो, गाडी थांबवून घेतली. पुलावर तो पुढे, मी मागे. मधोमध रुळाच्या जोडावरचे दोन बोल्ट ढिले निघाले. ते त्याने आवळले आणि गाडीला हिरवं निशाण दाखवलं.

संशय घेणं आमचं कामच आहे. पण माणूस आत टाकताना त्याचं काम आता कोण करणार, हे मी त्या दिवसापासून आधी विचारू लागलो. त्याची माफी मागायची मात्र राहूनच गेली.