फौजींचे दोन शब्द

माझी स्कूटर उरण नाक्यावर ज्यांच्याकडे दुरुस्तीला असते, त्यांना सगळे फौजी म्हणतात. सैन्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी पाने-पक्कड अजून उंचीप्रमाणे रांगेत लावतात. बोलणं जेमतेम. "काका, सैन्यात काय करायचात?" असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "गाड्या दुरुस्त. इथं पण तेच हाय."

यंदा आमच्या मंडळाने शाळेत माजी सैनिकांचा सत्कार ठरवला. मी आमंत्रण द्यायला गेलो. ते हात पुसत म्हणाले, "येतो. भाषण नाय."

कार्यक्रमाच्या दिवशी राष्ट्रगीताला पीटीच्या सरांनी मुलांना सावधान केलं आणि नंतर विश्राम म्हणायचं विसरले. पाहुणे शौर्यावर बोलत राहिले. आम्ही मांडवाच्या सावलीत, मुलं उन्हात ताठ. आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

शाल-श्रीफळ झालं आणि शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी बळेच माइक फौजींच्या हातात दिला. "मुलांसाठी दोन शब्द बोला ना." मला धास्तीच वाटली. ते मैदानाकडे बघत राहिले. मग नाक्यावर कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाले, "विश्राम."

सगळ्या मैदानाचे पाय एकदम हलले.

"बसा," ते हळूच म्हणाले आणि माइक परत दिला. बसल्या बसल्या मुलांनी ज्या टाळ्या वाजवल्या, त्या आमच्या एकाही पाहुण्याला मिळाल्या नव्हत्या.

आता शाळा सुटली की मुलं त्यांच्या दुकानासमोर येऊन सावधानमध्ये उभी राहतात. फौजी इंजिनातून मान वर काढतात, विश्राम म्हणतात, आणि मगच मुलं घरी जातात.