मागच्या खोलीतले डॉक्टर

माइते एलोर्दी मेंढपाळांच्या घरातली. तिचे बास्क आजोबा स्पेनच्या डोंगरांतून अमेरिकेतल्या ओरेगन राज्याच्या पूर्वेकडच्या माळावर मेंढ्या राखायला आले आणि तिथलेच झाले. नात नर्स झाली, मग आणखी शिकून तिने रोगी तपासून औषध लिहून द्यायचा परवानाही मिळवला. गावात दवाखाना एकच, आणि तो तीच चालवायची.

विमा कंपन्यांचं गणित मात्र निराळं होतं. तपासणी तीच, औषध तेच, पण बिलावर नर्सचं नाव असलं की पैसे कमी. डॉक्टर दवाखान्यात हजर असले, तर बिल त्यांच्या नावावर जाई आणि पैसे पूर्ण मिळत. कमी पैशांत हीटरचा खर्च आणि काउंटरवरच्या रीटाचा पगार निघेना. म्हणून निवृत्त झालेले डॉक्टर वेंडेल प्राउस रोज सकाळी येऊन मागच्या खोलीत बसत आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यांची चित्रं जुळवत.

"काही अडलंय का गं?" ते आतून ओरडत.

"नाही डॉक्टर, बसा तुम्ही."

"बसलोय की. बसायचेच तर पैसे आहेत!"

माइते हसायची, पण ते तिला लागायचं. ओपल स्ट्राउड नावाची एक पेशंट तर एकदा बिल नाचवतच आली. "या म्हाताऱ्याचं नाव कसं गं यावर? त्याने माझं तोंडसुद्धा पाहिलं नाही!"

त्या हिवाळ्यात डॉक्टर बर्फावर घसरून पडले आणि बरेच दिवस घरीच राहिले. बिलं माइतेच्या नावावर गेली. रीटाला अर्ध्या दिवसावर आणावं लागलं, आणि माइतेने स्वतःचा पगार घेतलाच नाही. डॉक्टरांची मुलगी त्यांना समुद्राकाठच्या आपल्या घरी बोलावत होती. काठी टेकत ते दवाखान्यातच परत आले.

वसंतात राज्याच्या राजधानीत, सेलमला, नवा कायदा चर्चेला आला: त्याच कामाला नर्सलाही तेवढेच पैसे. माइते साक्ष द्यायला निघाली, तर डॉक्टर म्हणाले, "मीही येतो." काय बोलणार, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. डोंगर ओलांडून जाईपर्यंत ती आपली साक्षच घोकत राहिली.

सुनावणीत आधी एक शहरी डॉक्टर बोलले. आमचं शिक्षण जास्त, म्हणून मोबदला जास्त, असं त्यांचं म्हणणं. मग प्राउस उठले.

"शिक्षण माझं जास्त आहे, खरंय," ते म्हणाले. "पण हल्ली मी ते चित्रं जुळवायला वापरतो. पेशंट ही बाई बघते, आणि बिलावर नाव माझं. मला आता घरी जायचंय. तिचे पैसे तिला द्या, म्हणजे मी सुटलो."

सभागृह हसलं. माइतेला हसू आलं नाही. तिचे डोळे भरून आले होते.

गाडीत ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही उलट बोलाल."

"मलाही तसंच वाटत होतं, पोरी. जन्मभर झिजलो ते काय फुकट, असं येतंच मनात. तिथे उभा राहिलो तेव्हा कुठे ठरलं."

कायदा झाला. पुढच्या वर्षी तिच्या नावावरची पहिली बिलं चुकती झाली. म्हाताऱ्यांचा विमा केंद्र सरकारचा, तो अजून कमीच देत होता, पण बाकीच्यांच्या पैशांवर दवाखाना तरला. रीटा पुन्हा पूर्ण दिवस येऊ लागली. डॉक्टरांचं सामान मुलीने गाडीत भरलं. निघताना त्यांनी माइतेला घट्ट मिठी मारली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

त्या शुक्रवारी माइतेने दवाखाना वेळेवर बंद केला. भावाकडे जाऊन तिने मेंढीच्या मटणाचा रस्सा दोनदा मागून घेतला आणि बोलता बोलता खुर्चीतच झोपली.

भाऊ तिला हलवायला गेला, तशी भावजय म्हणाली, "राहू द्या हो. किती दिवसांनी झोपलीय."