फरशीखालचा धूर

आई जमिनीवर बसून हातमशीनवर ब्लाऊज शिवायची. आमच्याकडे दिवाळीनंतर थंडी अशी पडते की सिमेंटच्या जमिनीवर अनवाणी पाय ठेवावासा वाटत नाही. एका हिवाळ्यात तिचे गुडघे असे धरले की बसल्यावर उठवायला आम्ही दोघं लागायचो, मी आणि बाबा. मशीन पलंगावर ठेवून पाहिलं, ते हलायचं आणि टाके वाकडे पडायचे. टेबल-खुर्ची केली तर पाय लोंबकळून संध्याकाळपर्यंत सुजायचे. डॉक्टरांनी सांगितलं, थंड जमिनीवर बसणं बंद. बाहेर येऊन आई एवढंच म्हणाली, "मंग शिवनंच बंद म्हना."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत माझं रोज जाऊन-येऊन केलेलं आदिलाबादचं कॉलेज संपलं होतं. शाळेत असताना एका इंग्रजी पुस्तकात चित्र पाहिलं होतं. थंड मुलखात चुलीचा धूर सरळ बाहेर न सोडता आधी जमिनीखालून फिरवतात, वरचा दगड तापतो आणि माणसं त्यावर बसतात. आमची चूल आईच्या खोलीच्या भिंतीला लागूनच होती. एवढी एक गोष्ट बोलायला मला बरेच दिवस लागले. बाबा सायकलच्या चेनला तेल देत होते तेव्हा, त्यांचं तोंड दुसरीकडे असताना, मी ती एका दमात सांगून टाकली.

"जमिनीखालून धूर?" ते म्हणाले. "बरं. मिस्त्रीले इचारून पाह्य."

मिस्त्री तेलुगू मुलखातला, मराठी मोडकं बोलायचा. त्यानं खोली पाहिली, मला पाहिलं. "अम्मा, घर बांधायचं का वीटभट्टी?"

बाबांसकट सगळे हसले. मी कोळशानं जमिनीवर रेघा ओढल्या: इथून धूर येईल, असा वळेल, त्या कोपऱ्यातल्या पाइपातून छपरावर जाईल. रेघा काढताना बोलावं लागत नाही, म्हणून ते मला जमलं. मिस्त्री उकिडवा बसून रेघांवरून बोट फिरवत गेला. मग म्हणाला, "पाइपाकडे चढ पाहिजे. नाहीतर धूर परत येते."

दसरा झाल्यावर काम सुरू झालं. जुनं काँक्रीट घोटून गुळगुळीत केलेलं होतं, त्यावर नवा माल धरला नसता. म्हणून आधी छिन्नी-हातोडीनं सगळी जमीन टोचून खडबडीत करायची होती. एक कोपरा मी टोचला. तळहाताला फोड आले, पण फडकं बांधून तो पूर्ण केला. मग झाडून, धुऊन, पाइपाकडे चढ देत सिमेंटचा नवा थर घातला. त्यावर विटांच्या ओळी रचून धुराची वाट करायची आणि वर शहाबादी फरशी बसवायची, असं ठरलं.

थराला आठवडाभर पाणी दिलं. मग मिस्त्री म्हणाला, "आता बंद. पूर्ण वाळलं की मला बोलवा." वाळलं की नाही हे पाहायला त्यानं खताच्या पोत्यातलं प्लास्टिक जमिनीवर अंथरून कडांवर विटा ठेवायला सांगितलं. सकाळी उचललं की खाली दवासारखे थेंब दिसायचे. रोज दिसायचे. इकडे हवा गार होत चालली होती आणि आई बाहेरच्या खोलीत हलवलेल्या पलंगावर बसून, हात मांडीवर ठेवून, दाराबाहेर बघत असायची.

एकदा मी पहाटेच उठले आणि पाहिलं तर बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, बादली घेऊन खोलीत शिरत होते. ओल त्यांनीच राखली होती. तेच कशाला, शेजारच्या बायकाही जाता-येता घागरीतलं ओंजळभर शिंपडून जायच्या. नवं सिमेंट दिसलं की आमच्याकडे कोणाचाच हात आवरत नाही.

मोठेबाबांपुढे मी कधी मान वर करून बोलले नव्हते. मी दारात उभी राहिले.

"मोठेबाबा, पाणी टाकू नका."

"काऊन? सिमेंट म्हंजे लेकरू व्हय. पाजलं नाई तं ताकद येत नाई."

"पाजून झालं. आता वाळायला पाहिजे."

"कोन सांगतलं? तुया इंग्रजी पुस्तकानं?"

एरवी मी एवढ्यावर आत निघून गेले असते. पण मागे पलंगावर आई जागी होती. "खाली पाणी राहिलं तर आच लागल्यावर तेच वर येईल," मी म्हणाले. "आई ओलीत बसेल. मग हे सगळं कशासाठी केलं?"

बादली त्यांनी खाली ठेवली. "मंग आदी सांगाचं नं, बाई!"

"मघापासून तेच सांगत होते. तुमी ऐकतच नव्हते."

आई तोंडावर पदर धरून हसली. मोठेबाबांनी बादली उचलली आणि अंगणातल्या मेथीच्या वाफ्यात रिकामी केली. त्या दिवसापासून ते ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाकलू लागले. "पानी नका टाकू वं, आमची इंजिनेर कावते!"

प्लास्टिक कोरडं निघालं त्या सकाळी मी ते दोनदा उलटून पाहिलं. मग विटा रचल्या, फरशी बसली, सांधे भरले. तेही वाळू दिल्यावर पहिले काही दिवस कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीच्या चार काड्यांवर मंद जाळ केला, दगड एकदम तापू नये म्हणून. एका सांध्यातून धूर निघाला. मिस्त्रीची वाट न बघता मी तिथे मातीचा लेप दिला. तो तडकला. पुन्हा दिला.

दिवाळी होऊन गेली. आई भिंतीला धरून बसली आणि हातानं फरशी चाचपू लागली. चुलीकडे जास्त ऊब, पलीकडे जवळजवळ काहीच नाही. मशीन पुढं ढकलत ढकलत तिनं आपली जागा शोधली आणि दुपारपर्यंत शिवत राहिली. मधे दोरा संपला, तेव्हा मला हाक न मारता स्वतःच उठून घेऊन आली. मी चुलीपाशी भाकरी थापत होते, भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येत होता. मग तो थांबला. माझा हात पिठातच राहिला.

"अवं," आई आतून ओरडली, "जाळ कमी कर थोडा! बसू देतं का नाई मले?"

मी चुलीतल्या दोन काड्या मागं ओढल्या.