अळणी पिठलं

माझं माहेर माणदेशात. दोन एसट्या बदलायच्या, मग पायी. शाळा तिसरीत सुटली आणि लग्न होऊन आले ती भोरजवळ, उत्रोलीच्या भातखाचरांत. जन्माची भित्री मी, त्यात माहेर एवढं लांब.

साठ साल उजाडायच्या आधीची गोष्ट. भातलावणी आटपली आणि माझ्या दंडावर, मांड्यांवर काळेनिळे डाग उठू लागले. कुठं आपटले म्हणावं तर तसंही न्हाई. पाणवठ्यावरच्या बायका डाग बघायच्या आणि मग एकमेकींकडं बघायच्या. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, त्यांनी एका संध्याकाळी ह्यांनाच जेवता जेवता अडवलं.

"खरं सांग, हात उचललास का हिच्यावर?"

ह्यांनी भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली. तरी दोन दिवस त्या लेकाशी बोलल्या न्हाईत.

मग मिशरी लावताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं, थांबेना. भोरच्या डॉक्टरांनी पायावरचे लाल ठिपके बोटानं दाबून पाहिले. "हा मार नाही, रक्ताचं दुखणं आहे," म्हणाले, आणि पुण्याला धाडलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असं सांगितलं. "रक्त गोठवणारे बारीक कण असतात. तुझं शरीरच ते मोडून टाकतंय. ह्या गोळ्या त्याला आवर घालतील. मीठ कमी खा. आणि गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत."

डाग पिवळे पडले, मग गेले. भूक मात्र लई वाढली आणि तोंड भाकरीसारखं फुगलं.

तेवढ्यात पाणवठ्यावरचं बोलणं माहेरी पोचलं, की सासरी मला मारतात, उपाशी ठेवतात. धाकटा भाऊ तरातरा आला.

"आक्का, गाठोडं बांध. घरी चल."

मला गोळ्या आठवल्या. तिकडं ना डॉक्टर, ना गोळ्या. पण माहेरच्या माणसाला नको कसं म्हणायचं?

त्यानं नीट पाहिलं. "आन् तू तर बाळसं धरलंयस की!"

"औषधानं सुजलंय रे."

"म्हंजी? खायाला घालीत न्हाईत, औषध घालून फुगवत्यात व्हय?"

आत्याबाईंनी त्याच्यापुढं ताट ठेवलं. पहिल्याच घासाला तो थांबला.

"पिठलं अळणी हाय."

"तिला मीठ चालत न्हाई. मग आमी बी अळणीच खातो. तुला देऊ का वरनं?"

त्यानं चुलीवरच्या एकाच पातेल्याकडं पाहिलं. मग "असू द्या" म्हणून सगळं ताट त्यानं पुसून खाल्लं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकटाच परत गेला.

पुढं डॉक्टरीणबाईंनी गोळ्या हळूहळू कमी केल्या. दर सकाळी मी धास्तीनं दंड तपासायची. डाग आले न्हाईत. तोंडाची सूजही उतरली.

पुढल्या दिवाळीला माहेरी गेले, तर आईनं हनुवटी धरून गळा काढला. "वाळलीस गं! सासू जेवाय घालती का न्हाई?"

भाऊ ओसरीवरनं ओरडला, "आये, गप बस. तिच्या सासूचं अळणी पिठलं खाऊन आलोय म्या."